हाताला बॅच नंबर नसतो

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत जुनाट दुखण्यांवर औषधाविना उपचार म्हणून कायरोप्रॅक्टिकची, म्हणजे मणक्याला हातानं झटका देऊन सांधे मोकळे करण्याच्या पद्धतीची माहिती देणारा लेख आला होता. लेखाबद्दल माझी तक्रार नाही. त्याच पानाच्या तळाला एक चौकोनी जाहिरात होती, तिच्याबद्दल आहे. 'कंबर, मान, गुडघे एका बैठकीत मोकळे. गोळी नाही, सुई नाही, ऑपरेशन नाही. दोन दिवसांचे शिबिर.' खाली मंगल कार्यालयाचा पत्ता आणि मोबाइल नंबर. वरचा लेख वाचून ज्याचं मन तयार झालं, त्याचं बोट आपसूक खालच्या नंबरावर जाणार. पत्र लांबलं आहे. कात्री लावायची झाली तर माझ्या कहाणीला लावा, शेवटच्या मागणीला नको.

मी मिरजेत १९८७ ते २०२१ अशी ३४ वर्षं मेडिकल चालवलं. काउंटरमागे कडाप्प्याच्या फरशीवर रोज १२ तास उभं राहायचं, सलाइनचे खोके उचलायचे, वरच्या फळीवरचं काढायला स्टुलावर चढायचं. २००९ साली कंबर कुरकुरायला लागली. एमआरआयमध्ये कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्याच्या मधली गादी सरकलेली निघाली. घरचंच दुकान, गोळीला काय तोटा? दुखणं थांबवणाऱ्या एसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉलची सकाळी एक, रात्री एक, पोट बिघडू नये म्हणून त्यावर पॅन्टोप्राझोल. कंबरेचा पट्टाही बांधला, तोही दुकानातलाच. १० वर्षांत बीपीची गोळी सुरू झाली, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन वाढून १.४ वर गेलं आणि आमच्या फिजिशियननी एक दिवस सरळ सांगितलं, "शेठ, आता कंबर वाचवा नाहीतर किडनी."

मला ते नवं नव्हतं. माझ्याकडे एक तंबोरे बनवणारे कारागीर यायचे. मिरजेची तंतुवाद्यं जगभर जातात, पण ती बनतात कशी ते फार थोड्यांनी पाहिलंय. मांडी घालून जमिनीवर बसायचं, भोपळा दोन पायांत धरायचा आणि पाठ वाकवून दिवसभर कोरीवकाम. हे गृहस्थ दर सोमवारी डायक्लोफेनॅक या दुखण्यावरच्या १० गोळ्या न्यायचे. चिठ्ठी एकदाच, कधीतरी १९९८ साली आणली होती, त्यानंतर फक्त "द्या हो नेहमीची." मी द्यायचो. शेवटची तीन वर्षं ते आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जात होते. त्यांना साखर होती, बीपी होतं, त्यामुळे माझ्या गोळ्यांनीच किडन्या गेल्या असं कोणी म्हटलं नाही, त्यांनी तर नाहीच नाही. पण पाकीट माझ्या हातून गेलं होतं.

याच डायक्लोफेनॅकनं गिधाडांचं काय केलं ते आपल्या वाचकांना ठाऊक असेल. औषध टोचलेली जनावरं मेली, ती खाऊन गिधाडांच्या किडन्या निकामी झाल्या. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. मग माणसांच्या नावानं येणाऱ्या मोठ्या कुप्या गोठ्यात जाऊ लागल्या, म्हणून २०१५ मध्ये ३ मिलीपेक्षा मोठी कुपीच बंद केली. पक्ष्यांसाठी निदान कुपी छोटी झाली. माणसं अजून सुट्या गोळ्या मागतात आणि मिळतातही.

हे सगळं अशासाठी सांगतोय की 'औषधाविना' या शब्दाला मी नाक मुरडणारा नाही. उलट आयुष्यभर गोळ्या विकलेल्या माणसाला तो शब्द किती हवासा वाटतो, ते मला विचारा.

२०२३ च्या मे महिन्यात आम्ही दोघं मुलीकडे गेलो. ती अमेरिकेत मोलीन नावाच्या गावी असते. जॉन डिअर कंपनीचं मुख्यालय तिथलं. आपल्याकडे सणसवाडीहून हिरवे ट्रॅक्टर येतात ना, तीच. जावई तिथे इंजिनीअर. २०-२२ तासांचा प्रवास झाला आणि तिसऱ्या दिवशी बेसिनवर तोंड धुताना जी उसण भरली, ती मला सरळच होऊ देईना. गोळी घ्यायची नाही असं फिजिशियनना वचन दिलेलं. जावई म्हणाला, "बाबा, नदीच्या पलीकडे डॅव्हनपोर्ट आहे. कायरोप्रॅक्टिकचा जन्मच तिथला. जाऊन तर बघा." मिसिसिपी तिथे पूर्वेकडून पश्चिमेला वाहते, हेही त्यानं त्या पुलावर दर खेपेला सांगितलं.

जन्म तिथला हे खरं आहे. डॅनियल डेव्हिड पामर नावाचा मूळचा कॅनडातला माणूस. आधी किराणा विकायचा, मग चुंबकीय शक्तीनं रोग बरे करायचा धंदा करायचा. त्यानं १८ सप्टेंबर १८९५ ला हार्वी लिलार्ड या सफाईचं काम करणाऱ्या माणसाच्या पाठीतला एक मणका दाबला आणि त्या माणसाचा १७ वर्षांचा बहिरेपणा गेला, असा त्याचा दावा. कानाची नस पाठीच्या मणक्यातून जातच नाही, हे बी.फार्म.च्या पहिल्या वर्षाचा पोरगाही सांगेल. पण पामरनं त्यावरून सिद्धांत रचला की, बहुतेक सगळे रोग मणका जागचा हलल्यानं होतात. १८९७ मध्ये शाळा काढली, १९०६ मध्ये परवान्याविना डॉक्टरकी केली म्हणून तुरुंगात गेला. मुलगा बी. जे. पामर बापापेक्षा सवाई. त्यानं या पद्धतीच्या जाहिरातीसाठी रेडिओ स्टेशनच चालवलं. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन तरुणपणी त्याच स्टेशनवर निवेदक होते. ती शाळा आज कॉलेज म्हणून ब्रॅडी स्ट्रीटच्या चढावर उभी आहे. आम्ही गाडीतूनच पाहिली. माझ्या कंबरेला तेवढंच झेपत होतं.

पहिल्यांदा ज्याच्याकडे गेलो त्यानं आधी एक्स-रे काढला, त्यावर लाल रेघा ओढल्या आणि २४ बैठकींचं पॅकेज समोर ठेवलं. "कणा सरळ झाला की बीपीची गोळीसुद्धा सुटेल," म्हणाला. मी मुलीला मराठीत म्हटलं, "ऊठ, हा माझाच भाऊबंद आहे." गिऱ्हाईक कोर्समध्ये कसं अडकवतात ते मला कोण शिकवणार?

दुसऱ्या ठिकाणी पन्नाशीची एक बाई होती. तिनं ४० मिनिटं माझ्या कंबरेला हात लावला नाही. फक्त विचारत राहिली. वजन अचानक घटलंय का? कधी कॅन्सर झाला होता का? रात्री झोपेतून दुखण्यानं जाग येते का? स्टेरॉइड घेतलीत का? रक्त पातळ करणारं काही? लघवी-संडासवर ताबा आहे का, मांड्यांच्या मध्ये, खोगिरावर बसताना टेकतो त्या भागात, बधिरपणा आहे का? लेकीसमोर हे सगळं सांगताना मी खाली बघत होतो. मग हातोडीनं गुडघे ठोकून पाहिले, टाचांवर आणि चवड्यांवर चालवलं, उताणं झोपवून एकेक पाय सरळ वर उचलला. ६० अंशांवर मी "आई गं" म्हटलं. ते तिला बहुधा कळलं, कारण तिनं तिथेच थांबून कागदावर काहीतरी लिहिलं.

मग मला कुशीवर वळवलं, वरचा गुडघा पोटाशी घेतला, खांदा एका हातानं धरला, कमरेवर दुसऱ्या हाताचा तळवा टेकवला. "श्वास सोडा," म्हणाली आणि एक छोटा, झटकन असा दाब. कट्ट. मला वाटलं काहीतरी जागेवर बसलं. तिनं लगेच खुलासा केला की काही बसलंबिसलं नाही. सांध्यातल्या वंगणात वायूची पोकळी तयार होते, तिचा हा आवाज, बोटं मोडल्यावर येतो तसाच. आवाज आला काय नि न आला काय, फरक नाही. दुसऱ्या खेपेला आवाज आलाच नाही, तर खोटं कशाला सांगू, पैसे वाया गेल्यासारखं वाटलं.

मी म्हटलं, आता आलोच आहे तर मानेचंही करून टाका. ती म्हणाली, "मान दुखते?" म्हटलं, नाही. "मग मी तिला कशाला हात लावू?"

हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सहा खेपा झाल्या. दर खेपेला हाताचं काम जेमतेम १० मिनिटं, बाकी वेळ व्यायाम. रांगणाऱ्या मुलासारखं ओणवं व्हायचं, उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे लांब करायचा, मग उलट. वाकताना कमरेतून न वाकता खुब्यातून वाकायचं. रोज अर्धा तास चालायचं. सहाव्या खेपेला म्हणाली, आता येऊ नका, व्यायाम सोडू नका. स्वतःचं गिऱ्हाईक स्वतः परत पाठवणारं माणूस मी धंद्यात क्वचित पाहिलंय. पहिल्या खेपेला ९० डॉलर घेतले, नंतर ४५. रुपयांत हिशोब करायचा नाही, असं मुलीनं बजावलं होतं. मी केला.

दुखणं गेलं का? नाही. आवाक्यात आलं. महिन्याला ५०-६० गोळ्या लागायच्या, त्या आता दोन-तीन लागतात. यातलं श्रेय हाताला किती, व्यायामाला किती, काउंटर सुटलं त्याला किती आणि उसण बऱ्याचदा चार-सहा आठवड्यांत आपली आपणच उतरते त्याला किती, हे मला वेगळं काढता येणार नाही. ३४ वर्षं औषधं विकल्यावर एवढं कळतं की, माणूस बरा झाला म्हणजे औषधानंच झाला असं नसतं.

जाणकार काय म्हणतात, तेही पाहिलं. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेनं २०१७ मध्ये सांगितलं की, साध्या कंबरदुखीला आधी शेक, मालीश, व्यायाम, योग, मणक्यावरचे हाताचे उपचार वगैरे करा, गोळी नंतर. अफूजन्य गोळ्यांनी त्या देशात जो हाहाकार माजवला, त्यानंतर ते हे म्हणणारच. ब्रिटनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की, हाताचे उपचार करा, पण व्यायामाच्या जोडीनंच. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी काय करावं नि काय करू नये ते सांगितलं. करावंमध्ये व्यायाम आहे, मणक्यावरचे हाताचे उपचार आहेत, पण त्यामागचा पुरावा कच्चा आहे हेही तिथेच लिहिलंय. करू नयेमध्ये ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं) आहे, अफूजन्य औषधं आहेत आणि कंबरेचा पट्टा आहे. तो पट्टा मी शेकड्यानं विकला. राहता राहिली पॅरासिटामॉल. ताज्या कंबरदुखीत ती साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरत नाही, असं ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या चाचणीत २०१४ मध्येच दिसलं होतं. ती चाचणी छापून आलेला अंक मी तेव्हा वाचला होता. दुसऱ्या दिवशी शटर उघडून पहिलं काय विकलं ते विचारू नका.

तर हात खोटा नाही. आपल्याला तो नवाही नाही. तासगावला माझी आत्या पायाळू होती. पाठीत उसण भरलेली माणसं तिच्याकडे यायची, उंबऱ्याशी पालथी पडायची आणि ती बिचारी चुलीवरचं काम सोडून पाय लावायची. पैसे घ्यायची नाही. गावोगावी हाडवैद्य होते. सलूनमध्ये दाढी झाल्यावर न्हावी मान मोडून देतो, तेही आपण आवडीनं करून घेतो. (मी आता घेत नाही. का ते सांगतो.)

आमच्या गल्लीत निवृत्त वायरमन आहेत. दोन वर्षांपूर्वी असंच एक शिबिर आमच्या भागात लागलं होतं, त्याला ते गेले. आठवडाभर मान एका बाजूनं दुखत होती, डोक्याच्या मागे ठणका होता. तिथे रांग होती, प्रत्येकी पाच मिनिटं. विचारपूस अशी काही नाहीच. खुर्चीत बसवलं, हनुवटी धरली, उजवीकडे कट्ट, डावीकडे कट्ट. बाजूला मोबाइलवर चित्रीकरण, लोकांच्या टाळ्या. घरी येताना यांना स्कूटर सांभाळेना. रात्री उलट्या, भोवळ, एकाचे दोन दिसायला लागले. सीटी अँजिओग्राफीत निघालं की, मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचं आतलं अस्तर फाटलंय. ११ दिवस इस्पितळात होते. आज काठी घेऊन चालतात आणि जिना उतरताना बायको पुढे असावी लागते.

मान फिरवल्यानंच ते फाटलं का? डॉक्टर म्हणाले, ठाम सांगता येणार नाही. असं फार क्वचित होतं, आणि कधी कधी रक्तवाहिनी आधीच फाटलेली असते. मान दुखत असते ती त्यामुळेच, आणि ती दुखते म्हणून माणूस मान मोडून घ्यायला जातो. बरोबर असेल. पण मग तर आधी विचारणं जास्तच गरजेचं होतं ना? नव्यानं सुरू झालेलं, एका बाजूचं, डोक्यात चढणारं दुखणं म्हटल्यावर त्या डॅव्हनपोर्टच्या बाईनं मानेला बोटही लावलं नसतं, सरळ इस्पितळात पाठवलं असतं. न दुखणाऱ्या मानेला हात लावायला तयार नव्हती ती.

वायरमनसाहेबांच्या मुलानं तक्रार करायचं ठरवलं तेव्हा अडचण कळली. करायची कुठे? शिबिरवाले दुसऱ्या गावी गेले होते. पाटीवर नावाआधी 'डॉ.' होतं, पदवी कसली ते नव्हतं.

आणि इथे मला माझी स्ट्रिप आठवते. सगळ्यात स्वस्त डायक्लोफेनॅक घ्या. पाकिटावर उभी लाल रेघ असते, म्हणजे चिठ्ठीविना देऊ नये. घटक लिहिलेले, बॅच नंबर, बनवल्याची तारीख, मुदत, कारखान्याचा परवाना क्रमांक. काही बिघडलं तर ड्रग इन्स्पेक्टर बॅचवरून कारखान्याच्या दारापर्यंत जाऊ शकतो. ट्रॅमाडॉलसारखी सवय लावणारी गोळी असेल तर २०१४ पासून वेगळं रजिस्टर, रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव, तीन वर्षं जपून ठेवायचं. आम्ही ते सगळं नीट पाळतो असं नाही, वर कबूल केलंच आहे. पण पाळायला नियम तरी आहे. हाताला यातलं काहीच नाही.

अमेरिकेतही हे सुखासुखी झालं नाही. कायरोप्रॅक्टरला परवाना देणारा पहिला कायदा १९१३ ला कॅन्ससमध्ये झाला, शेवटचं राज्य लुइझियाना, १९७४. त्यांचा तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेशी १९७६ मध्ये खटला सुरू झाला, तो ११ वर्षं चालला आणि कायरोप्रॅक्टरांवर बहिष्कार टाकणं बेकायदा, असा निकाल १९८७ ला लागला. एवढं भांडून आज स्थिती अशी की, तिथे कॉलेजनंतर चार वर्षांचं शिक्षण, परीक्षा आणि राज्याचा परवाना लागतो. ब्रिटनमध्ये १९९४ चा कायदा आहे, परिषद आहे. आपल्याकडे कायरोप्रॅक्टिकसाठी अशी वैधानिक परिषद नाही. परदेशात रीतसर शिकून आलेले थोडे लोक इथे आहेत, त्यांचं काम चांगलं असेल. पण त्यांची आणि मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलेल्याची पाटी शेजारी शेजारी लागली तर गिऱ्हाइकानं ओळखायचं कसं? फिजिओथेरपिस्टांची तरी राज्यात नोंदणी होते, २०२१ चा केंद्राचा कायदाही झाला आहे, आणि हातानं सांधे मोकळे करण्याचं शिक्षण त्यांच्या अभ्यासक्रमात आहे. मिरजेत मी तसल्याच एका मुलीकडे दोन महिन्यांतून एकदा जातो. ती मला फार करून व्यायामच करायला लावते.

आणखी एक. औषधाविना उपचार हा वेळ असलेल्या माणसाचा उपचार आहे. हमाली करणारा माणूस संध्याकाळी माझ्याकडे यायचा, पाच-दहा रुपयांची गोळी घ्यायचा आणि सकाळी आठला पुन्हा मार्केट यार्डात हजर. त्याला सहा खेपा आणि अर्धा तास चालणं सांगून बघा. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात संध्याकाळी दोन तास एक फिजिओथेरपिस्ट बसवला, तर आता दुकान चालवणाऱ्या माझ्या पुतण्याच्या गल्ल्यात फरक पडेल. पडू दे.

आता मागणी. मणक्याला झटका देण्याचं काम कोण करू शकतं, त्याची नोंदणी कुठे, तक्रार कुठे, हे राज्य सरकारनं ठरवावं. वेगळी परिषद काढा नाहीतर आहे त्यांच्याकडे सोपवा. ते होईल तेव्हा होईल. आपल्या हातातलं एवढंच आहे की, अशी जाहिरात घेताना उपचार करणाऱ्याचं पूर्ण नाव, पदवी, शिक्षणसंस्था आणि नोंदणी क्रमांक मागावा आणि तो जाहिरातीत छापावा. क्रमांक नसेल तर 'क्रमांक नाही' असं छापावं. आणि लेखाच्या पानावर ती जाहिरात नको.

परवा मी त्या नंबरावर फोन केला. उपचार करणाऱ्यांचं शिक्षण कुठे झालं, असं विचारलं. एक बाई म्हणाल्या, "सर स्वतः करतात, दहा वर्षांचा अनुभव आहे." मी म्हटलं, मला बीपी आहे, रोज ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन चालू आहे, वय ६६, मान केलेली चालेल का?

"या ना काका," त्या म्हणाल्या. "फी सातशे. एमआरआय असेल तर आणा, नसला तरी चालतं."

आपला,
एक निवृत्त औषधविक्रेता,
मिरज